‘ढ’चा खण

“आत काय अंडी उबवतोयस का?” ताईने संडासाचं दार वाजवलं.

“आलो, आलो.”

“पंधरा मिनिटांपूर्वीही आलोच होतास.”

आत जुळारी कमोडचं झाकण पाडून त्यावर बसला होता. मांडीवर ताईचं जाडजूड रजिस्टर, त्यावर एक कोरा कागद, हातात पेन्सिल. रजिस्टरात अक्षरं नव्हती, नुसत्या खुणा होत्या. गोल, गोलात टिंब, फुली, अर्धी फुली, आकडा, गोलात आडवी रेघ. त्या तो एकेक करून उतरवून घेत होता. छप्पन्न वर्षांच्या माणसाने रविवारी सकाळी संडासात बसून सख्ख्या बहिणीची वही उतरवावी, ही गोष्ट त्याची त्यालाही भूषणावह वाटत नव्हती. पण आता चारच ओळी उरल्या होत्या, आणि चार ओळींसाठी सभ्य होण्यात काही अर्थ नव्हता.

“ढब्या, पोट बरं नाही का?” बाहेरचा आवाज एकदम मऊ झाला. “लिंबूपाणी करून ठेवू?”

“ठेव,” तो म्हणाला, आणि उरलेल्या चार ओळी उतरवल्या.

मग रजिस्टर बनियनच्या आत पोटाशी दाबून तो बाहेर आला आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या लिंबूपाणी प्याला. चोरीचा माल पोटाला आणि मालकिणीने केलेलं लिंबूपाणी पोटात, असा हा योग होता. ताई म्हणाली, “वाकडा का उभा आहेस?” तो म्हणाला, “कळ येतेय.” ते मात्र काही प्रमाणात खरं होतं.

ढब्या हे नाव तो चार महिन्यांचा असताना पडलं. तेव्हा तो गुटगुटीत होता. पुढे आयुष्यभर काठीसारखा राहिला, तरी नाव उतरलं नाही. नावाला वजनकाटा नसतो. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई पंधराची. वडील होते, पण ते आधी असून नसल्यासारखे होते आणि दोन वर्षांनी खरोखरच नव्हते. सतराव्या वर्षी ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये स्विचबोर्डावर बसली. चौतीस वर्षं तिने लोकांचे फोन लोकांना जोडून दिले आणि एकदाही मध्ये कान लावला नाही. स्वेच्छानिवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले होते, “या बाईंना अख्ख्या शहराची गुपितं माहीत असायला हवी होती, आणि यांना एक माहीत नाही.” ताई म्हणाली होती, “ऑपरेटरला हात असतात, कान नसतात.” जुळारी तेव्हा पहिल्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होता. आता हे त्याला आठवायचं काही कारण नव्हतं, पण आठवलं.

जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा माणूस. एकेका खिळ्यावर एकेक अक्षर. ते खणांच्या मोठ्या लाकडी ट्रेमधून, म्हणजे केसमधून, न बघता उचलायचं आणि ओळ लावायची. हे काम बंद पडून जमाना झाला. छापखान्यात कॉम्प्युटर आला, खिळे गेले, पण जुळारी राहिला. मालकाने त्याला काढलं नाही, कारण काढायचं म्हणजे समोर बसवून सांगावं लागलं असतं आणि मालकाला अवघड बोलणं जमायचं नाही. म्हणून तो आता कागद कापायचा, गठ्ठे बांधायचा आणि मागच्या खोलीत उरलेल्या एकुलत्या एका केसवरची धूळ पुसायचा. धूळ रोज नव्याने यायची, त्यामुळे नोकरी पक्की होती.

महिनाभरापूर्वी डिझायनरबाई एका मासिकातलं कोडं घेऊन बसल्या होत्या. गुप्तलिपी. प्रत्येक अक्षराच्या जागी एक चित्र, आणि मजकूर ओळखायचा. तीन दिवस त्या डबा खाताखाता त्याच्याशी झुंजत होत्या. जुळारी कागदाचा गठ्ठा घेऊन मागून चालला होता. थांबला, बघितलं, म्हणाला, “हा मासा म्हणजे काना.”

“कशावरून?”

“सगळ्यात जास्त आहे. कानाचा खण सगळ्यात मोठा असतो. तरी आधी तोच रिकामा व्हायचा. मग त, र, य, ल. हे कासव बघा, हे बहुतेक त. ही छत्री र.”

चहा येईपर्यंत कोडं सुटलं होतं. मजकूर होता, ‘दात रोज रात्री घासावेत’. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीसाठी एवढी गुप्तता का, हे कोणालाच कळलं नाही, पण डिझायनरबाई जुळाऱ्याकडे बघतच राहिल्या.

“काका, याला फ्रीक्वेन्सी ॲनालिसिस म्हणतात. हेर लोक करतात हे.”

“आम्ही याला खिळे संपणं म्हणायचो,” जुळारी म्हणाला.

पण त्या दिवशी तो घरी गेला तो हेर होऊनच. वीस वर्षांत त्याला कोणी कशाचं विचारलं नव्हतं, फक्त सुतळी कुठे ठेवलीय एवढंच. त्याने वाटेत कॉलर वर करून बघितली. मान खाजली, म्हणून परत खाली केली. घरी ताई जेवणाच्या टेबलाशी बसून तिच्या रजिस्टरात लिहीत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने त्या रजिस्टराकडे नीट बघितलं.

एक्स्चेंजने ट्रंककॉलची जुनी रजिस्टरं टाकून दिली तेव्हा ताईने त्यातलं एक कोरं घरी आणलं होतं. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. ती रोज लिहायची नाही. अधूनमधून, दोन-तीन ओळी. आपल्या बहिणीच्या वहीत विणकामाचे टाके आहेत, असं जुळारी अठ्ठावीस वर्षं धरून चालला होता. ताईने या काळात काहीही विणलं नव्हतं. साधा हातरुमालही नाही. पण हा मुद्दा त्याच्या डोक्यात कधी आला नाही.

माणूस चोरीला निघाला की आधी काळजीचा सदरा अंगात घालतो. जुळाऱ्याने असा विचार केला: ताईचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी परवा विचारलं, आणखी काही त्रास, तर ती म्हणाली, काही नाही. ताईने उभ्या जन्मात कोणत्याही प्रश्नाला दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. मग खरा त्रास कळणार कसा? तेव्हा ते रजिस्टर वाचणं हे भावाचं कर्तव्यच आहे. कर्तव्य उघडपणे का करता येत नव्हतं आणि त्यासाठी संडास का लागत होता, याचा त्याने विचार केला नाही.

सोमवारी छापखान्याच्या मागच्या खोलीत त्याने उतरवलेला कागद केसशेजारच्या टेबलावर पसरला. आधी खुणा मोजल्या. गोलात टिंब एकशे एकोणीस वेळा: काना. त्याबद्दल शंकाच नव्हती. त्याखालोखाल फुली, अर्धी फुली, आकडा. प्रत्येक नोंदीच्या मधोमध तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते, आणि त्यातला दुसरा छोटा होता. तो ‘होतं’ निघाला. ‘होतं’ सापडल्यावर पहिला शब्द आपोआप उलगडला: ‘म्हणायचं’. दर नोंदीत, ‘म्हणायचं होतं’. खोलीत कोणी नव्हतं तरी जुळाऱ्याने टेबलावर हात आपटला. डोळे मिटून त्याची बोटं रिकाम्या खणांवरून फिरत होती आणि जिथे थांबत होती तिथलं अक्षर कागदावर बसत होतं. इतकं सुख त्याला अनेक वर्षांत झालं नव्हतं.

फक्त एक खूण बसेना. गोलात आडवी रेघ. ती दर दोन ओळींनी येत होती, नेहमी एकाच शब्दाच्या सुरुवातीला. त, र, क, न, सगळे मोठे खण केव्हाच वाटले गेले होते. पुढची अक्षरं लागलेली होती: काहीतरी-ब्या. जुळाऱ्याने ड घातला. ड बऱ्यापैकी लागायचा, त्याचा खण मध्यम होता.

‘डब्याने भाजी खारट म्हटली. म्हणायचं होतं, मग उद्या तू कर.’

जुळाऱ्याने चष्मा पुसला. पुढची नोंद: ‘डब्याला ताप. रात्रभर पट्ट्या ठेवल्या. सकाळी म्हणाला, झोप नीट लागली नाही तुझ्या आवाजाने. म्हणायचं होतं, आता ताप आला तर पट्ट्या तुझ्या तूच ठेव.’

डब्याला ताप. तासभर तो खरोखरच या काळजीत होता की ताईचं डोकं फिरलंय आणि ती भांड्यांशी बोलते. डॉक्टरांना हे सांगायचं कसं, याची वाक्यंही त्याने मनात जुळवली. मग खाली एका ओळीत ‘दगड’ हा शब्द निघाला. ‘दगडाशी बोलले असते तर त्याने निदान ऐकून तरी घेतलं असतं.’ आणि त्या दगडातला ड वेगळ्याच खुणेचा होता.

म्हणजे गोलातली आडवी रेघ ड नव्हे. मग कोण? जुळाऱ्याची बोटं खणाखणांवरून खाली सरकत गेली आणि कोपऱ्यातल्या एका खणाशी थांबली. हा खण कधीच रिकामा व्हायचा नाही. ढग, ढीग, फार तर पुढे, एवढं, झालं. वर्षानुवर्षं त्यातले खिळे नवेकोरे राहायचे. कुठल्याही मजकुरात ढ इतक्या वेळा येऊच शकत नाही. इतक्या वर्षांचा अनुभव होता त्याचा.

फक्त एक मजकूर सोडून.

त्याने कागदाची घडी केली. परत उघडली. डब्याच्या जागी ढब्या घातला आणि सगळी नोंद पहिल्यापासून वाचली. मग खोलीच्या दाराकडे बघितलं, कोणी बघत नाही ना म्हणून.

एवढ्यावर थांबणारा माणूस चांगला. जुळारी थांबला नाही. ताई रोज चार वाजता व्यायाम करून घ्यायला दवाखान्यात जायची आणि सहाला यायची. त्याने मंगळवारपासून मालकाला दाताचं कारण सांगितलं आणि रोज साडेतीनला निघायला लागला. तिसऱ्या दिवशी डिझायनरबाईंनी विचारलं, “काका, तोंडात दात आहेत तरी किती तुमच्या?”

घरी टेबलाशी बसून तो रजिस्टर शेवटाकडून पहिल्या पानाकडे वाचत गेला. आता कागद-पेन्सिल लागत नव्हती, खुणा सरळ वाचता येत होत्या. ताई त्या रजिस्टरात न बोललेली उत्तरं लिहायची. कोण काय म्हणालं आणि आपल्याला काय म्हणायचं होतं. बाहेर कोणाशी चकार शब्द वाकडा न बोलणारी ही बाई आत इतकी तिखट असेल, याची त्याला कल्पना नव्हती.

‘शेजारीण म्हणाली, तुमच्या भावाला कसलं व्यसन नाही हो, नशीबवान आहात. म्हणायचं होतं, व्यसन काय, त्याला काहीच नाही.’

‘डॉक्टर म्हणाले, गुडघा वाकवा. म्हणायचं होतं, चौसष्ट वर्षं तेच करतेय.’

‘शेजारीण म्हणाली, तुम्ही लग्न केलं नाहीत म्हणून सुटलात. म्हणायचं होतं, तुमचं रोज भिंतीतून ऐकते, पटतं.’

जुळारी एकटाच खो खो हसला. आणि मग त्याने जे केलं ते पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचणार होतं. बुधवारी सकाळी त्याने शेजारणीच्या दोन्ही नोंदी डिझायनरबाईंना म्हणून दाखवल्या. आवाज काढून.

डिझायनरबाई हसल्या. मग म्हणाल्या, “ताईंना माहितीये, तुम्ही वाचताय ते?”

“नाही. तीच तर गंमत.”

बाई आणखी एखादा सेकंद हसत राहिल्या, म्हणजे चेहरा तसाच राहिला. मग त्या स्क्रीनकडे वळल्या आणि एका औषधाच्या लेबलावरची रेघ उगाच इकडची तिकडे करत बसल्या.  जुळारी सुतळी घ्यायला आलो होतो असं दाखवून सुतळी घेऊन गेला.

ढब्या पानापानावर होता.

‘ढब्या आज तीनदा बोलला. टॉवेल कुठाय, चष्मा कुठाय, चहा कुठाय. म्हणायचं होतं, ताई कुठाय ते विचार एकदा.’

‘ढब्या म्हणाला, चहात साखर कमी पडली आज. म्हणायचं होतं, आज मला साठ पूर्ण झाली.’

‘ढब्याला पगारवाढ. घरी आलेल्या मालकाला म्हणाला, सगळं स्वतःच्या हिमतीवर केलं. मी चहा घेऊन दारात उभी होते. म्हणायचं होतं, चहा गार होतोय. तेवढं म्हटलं.’

गुरुवारी तो पहिल्या पानावर पोचला. पहिल्या पानावर एकच नोंद होती.

‘लाइनमन येऊन गेला. ढब्याने सांगितलं, ताई घरात नाही. मी आतल्या खोलीत होते. म्हणायचं होतं,’

पुढे काही नव्हतं. त्याखाली उरलेलं पान कोरं होतं, आणि पुढच्या नोंदीसाठी तिने नवं पान घेतलं होतं. कागद वाया घालवणं हे ताईच्या स्वभावातच नव्हतं. ती आलेली पाकिटं उलटी करून वापरायची.

लाइनमन एक्स्चेंजचा होता. उंच, कमी बोलणारा, खिशात कायम वायरचा तुकडा. दोनदा घरी आला होता. पहिल्यांदा आला तेव्हा बसल्याबसल्या खिडकीची निखळलेली कडी त्याने न सांगता बसवून दिली. दुसऱ्यांदा आला तेव्हा नुसता बसला, आणि ताईने त्या दिवशी दोनदा चहा केला. ताईने त्याला थांबायला सांगितलं होतं, ढब्या पायावर उभा राहीपर्यंत. ढब्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि सहा वर्षं नोकरी करत होता. त्याचे पाय कोणी तपासायला गेलं नव्हतं.

तिसऱ्यांदा लाइनमन आला तो भर दुपारी. टेबलावर ताटं मांडलेली होती, ताई आत कपडे बदलत होती. दारात जुळारी उभा राहिला.

“ताई आहेत का?”

“ताई घरात नाही.”

“बदली झालीय माझी. उद्या निघतोय. सांगाल त्यांना?”

“सांगतो.”

हे सगळं त्याला अजून आठवत होतं. आपण सांगायला विसरलो असं तो इतकी वर्षं स्वतःला समजावत आला होता. पण विसरलेली गोष्ट इतकी स्पष्ट आठवत नाही. आणि का केलं, तेही आठवत होतं. बहीण जाईल म्हणून नव्हे, घर मोडेल म्हणून नव्हे. एवढं मोठं कारण असतं तर निदान काही इभ्रत राहिली असती. लाइनमन आत येऊन बसला तर जेवायला उशीर होईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याला भूक लागली होती.

जिन्यावरची पावलं खाली गेल्यावर ताई बाहेर आली होती. तिने त्याला वाढलं. त्याने भाजी परत मागितली, तेव्हा परतही वाढली.

सहा वाजता ताई दवाखान्यातून आली तेव्हा रजिस्टर कपाटात जागेवर होतं आणि जुळारी खिडकीशी उभा होता. ताईने पिशवीतून दाढीच्या पात्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. “तुझी संपली होती,” ती म्हणाली. “येताना दिसली.”

“ताई,” तो म्हणाला.

“काय?”

“काही नाही.”

हे तिचं उत्तर होतं, चुकून त्याच्या तोंडी आलं होतं. तोंडाने आपल्याला हे सांगता येणार नाही, हे त्याला कळलं. तोंडाने सांगण्याची या घरात कोणाला सवयच नव्हती. मग त्याला एक कल्पना सुचली, आणि ती कल्पना त्याला फार नाजूक, फार समजूतदार वाटली. आयुष्यभर दुसऱ्याचा मजकूर जुळवलेल्या माणसालाच अशी कल्पना सुचू शकते. त्याने माफीचा मजकूर तिच्याच खुणांत लिहिला.

‘ताई, मी सगळं वाचलं. तेव्हा खोटं बोललो. माझं चुकलं.’

खुणा त्याने पट्टी लावून काढल्या. गोल नाण्याभोवती पेन्सिल फिरवून काढले. एकही खूण ओळीच्या वरखाली नव्हती. शुक्रवारी सकाळी ती चिठ्ठी त्याने ताईच्या कपबशीखाली ठेवली आणि समोर बसून राहिला.

ताईने कप उचलला. चिठ्ठी बघितली. चष्मा डोक्यावर होता तो खाली ओढला. वाचायला तिला वेळ लागला नाही, कसा लागेल. पण वाचून झाल्यावरही ती बघत राहिली, जसं कोणीतरी आपल्याच घराची किल्ली परक्याच्या हातात बघावी.

“तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे,” ती म्हणाली.

जुळाऱ्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा काही नाही म्हणेल. या तिन्हींची त्याची तयारी होती.

“ताई, मी…”

“एवढीच एक जागा होती रे.” तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली, पालथी. “चौतीस वर्षं लोकांच्या लाइनी माझ्या हातात होत्या. मी कधी कान लावला नाही. मला वाटायचं, आपण कोणाचं ऐकलं नाही, तर आपलंही कोणी ऐकणार नाही.”

 चहावर साय धरली.

“मग तू बाहेर का नाही आलीस?” जुळाऱ्याने विचारलं. विचारताक्षणी त्याला कळलं की आपण अजूनही चूक वाटून घ्यायला माणूस शोधतोय. “तेव्हा. तो आला तेव्हा.”

“मी त्याला सांगितलं होतं, माझा भाऊ कधी खोटं बोलत नाही.” ताईने कपाच्या कडेने बोट फिरवलं. “बाहेर आले असते तर तू त्याच्यासमोर खोटा पडला असतास.”

जुळाऱ्याने खाली बघितलं. टेबलक्लॉथवर चौकटी होत्या. लाल, पांढरी, लाल, पांढरी.

“पुढे रिकामं का सोडलंस?” तो म्हणाला. “म्हणायचं होतं, आणि पुढे काही नाही.”

“सुचलं नाही.”

“अठ्ठावीस वर्षं?”

“घाई नव्हती,” ताई म्हणाली.

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि कपाटातून रजिस्टर घेऊन आली. ते तिने दोघांच्या मध्ये ठेवलं. जुळाऱ्याने हात टेबलाखाली घेतले.

“आता हे कामाचं राहिलं नाही,” ती म्हणाली. “या वयात मला दुसरं शोधावं लागणार. कसं काढलंस तू हे?”

“अं?”

“कसं ओळखलंस? मी कोणाला सांगितलेलं नाही. कुठे लिहूनही ठेवलेलं नाही.”

तेव्हा जुळाऱ्याने सांगितलं. खाली बघूनच सांगितलं, पोलिसासमोर कबुली द्यावी तसं. कोणतं अक्षर किती लागतं हे ठरलेलं असतं. खुणा बदलल्या तरी मोजदाद बदलत नाही. त्यामुळे काना आधी पकडला जातो आणि मग तो बाकीच्यांची नावं सांगतो. ताई लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच म्हणाली, “म्हणजे जो सगळ्यात जास्त कामाला येतो, तोच आधी सापडतो.”

“हो.”

“बरं. मग उपाय?”

“कानाला एकच खूण देऊ नकोस. पाच-सहा दे. एकदा ही, एकदा ती. त आणि र लाही तीन-तीन दे. मग सगळ्या खुणा सारख्याच वेळा येतात. मोजणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.”

“तुझ्याही?”

“माझ्याही.” त्याने पहिल्यांदा वर बघितलं. “आणि ते ‘म्हणायचं होतं’ दर वेळी लिहू नकोस. एकच शब्द सारखा आला की तिथून भिंत फुटते.”

“मग काय लिहू?”

“जे म्हणायचं ते सरळ लिही.”

ताईने मान हलवली. पत्राचं एक जुनं पाकीट फाडून उलटं केलं, त्यावर पेन्सिलीने ओळी आखल्या. त्याला वाटलं झालं, पण सगळ्यात अवघड सांगायचं राहिलंच होतं.

“माझ्या नावाचंही बघ,” तो म्हणाला. “ते फार येतं. ढ एवढा कुठेच येत नाही. कोणीही ओळखेल.”

“ते कमी करणं माझ्या हातात नाही,” ताई म्हणाली. “तुझ्या हातात आहे.” ती हसली नाही, रागावलीही नाही. कुठला नंबर कुठल्या भोकात घालायचा ते सांगावं तसं सांगितलं. “ढ ला ती गोलातल्या रेघेची खूण का दिली होती माहितीये? आम्ही बोर्डावर ती होल्डसाठी लिहायचो. पार्टीला थांबवून ठेवलंय, लाइन मोकळी नाही.”

 जुळाऱ्याने दोघांचे कप उचलले. चहा गार झाला होता. तो स्वयंपाकघरात गेला, भांडं शोधलं, मग साखर शोधली. साखरेचा डबा कुठे आहे हे विचारायला तो तोंड उघडणार होता, उघडलं नाही. चार डबे उघडले, पाचव्यात सापडली. चहा करून त्याने तिच्यासमोर ठेवला. ताईने एक घोट घेतला. चांगला झाला नव्हता. तिने सगळा प्यायला.

“आता बाहेर जा,” ती म्हणाली.

“कुठे?”

“घराबाहेर. मला खुणा ठरवायच्यात. अर्धा तास लागेल.”

“छापखान्यात जाऊ का मग?”

“तुझं तू ठरव. माझ्यासमोर नको.”

छापखान्यात गेला असता तर ताईला अर्ध्या तासाच्या जागी अख्खा दिवस मिळाला असता. पण तो गेला नाही. दार त्याने बाहेरून नुसतं लोटलं, कडी घातली नाही, आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसला, दाराकडे पाठ करून. पायरी गार होती. आतून काही ऐकू येत नव्हतं, आणि तरीही त्याने दोन पायऱ्या खाली सरकून घेतलं.

शेजारीण दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वर आली. त्याला बघून थांबली.

“अहो, इथे काय बसलात? किल्ली विसरलात की काय?”

“नाही,” जुळारी म्हणाला. “दार उघडंच आहे.”

शेजारणीने लोटलेल्या दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि आणखी काही सांगेल म्हणून थोडी थांबली. त्याने भिंतीशी अंग चोरून तिला वाट करून दिली.